चॅटमधलं ‘यस मॅडम’

परवा लॅपटॉपवरच्या जुन्या फायली काढून टाकत होते, तेव्हा झूमचं सेव्ह केलेलं एक चॅट सापडलं. २०२० ची दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. अकरावी वाणिज्य, पुस्तपालन आणि लेखाकर्म, सकाळचा तास. वर माझा प्रश्न, ‘समजलं का सगळ्यांना?’ आणि खाली पानभर ‘यस मॅडम’, ‘यस मॅम’, ‘हो मॅडम’, ‘येस म्याडम’, एक अंगठा, दोन जोडलेले हात, परत ‘यस मॅडम’. एकेचाळीस मुलं हजर आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांना समजलेलं. तोवरच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझा असा तास एकदाही झाला नव्हता.

हे आत्ता आठवायचं कारण वेगळंच. आमच्याकडे नवीन लागलेल्या एका सरांनी गेल्या आठवड्यात विचारलं, “मॅडम, ऑनलाइन घेताना मुलांना कळतंय का ते बघायला तुम्ही कुठलं ॲप वापरता?” मी सांगायला लागले, चहा गार झाला, पुढच्या तासाची घंटा झाली आणि मी अजून पासबुकापाशीच होते. म्हणून उरलेलं इथे लिहिते. ॲपचं उत्तर देईनच, पण ते फार छोटं आहे.

तालुक्याच्या गावातलं कनिष्ठ महाविद्यालय, मराठी माध्यम, निम्मी मुलं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची. त्या बॅचचा दहावीचा भूगोलाचा पेपर करोनामुळे रद्द झाला होता आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण मिळाले होते. त्यामुळे ‘आम्ही भूगोल न देता पास’ हा त्यांचा लाडका विनोद. अकरावीचे प्रवेश रखडत रखडत दिवाळीला टेकले. मुलांनी मला पाहिलेलं नाही, मी मुलांना पाहिलेलं नाही, आणि थेट झूमवर दुहेरी नोंद पद्धती, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे (डेबिट) आणि दुसऱ्यात जमा (क्रेडिट).

वर्गात मला ‘समजलं का’ विचारावं लागत नाही. फळ्यावर लिहिताना पाठ मुलांकडे असते, तरी कळतं. खतावणीतलं (लेजरमधलं) खातं आखताना पट्ट्यांचे आवाज येत असतात; ते येईनासे झाले की पोरं हरवली असं समजायचं. मधल्या ओळीतला एक जण शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, मग शेजारी पुढच्याला पेन टोचतो, मग कुणीतरी उगाच खोकतं. मी फळा पुसते आणि पहिल्यापासून सुरू करते. झूमवर यातलं काही नव्हतं. काळे चौकोन आणि चौकोनात नावाचं पहिलं अक्षर. कॅमेरा सुरू ठेवा म्हणायची सोय नव्हती, कारण दिवसाचं दीड जीबीचं पॅक आणि त्याच्यावर तीन भावंडं. एकाकडे वडिलांचा फोन असायचा. त्यांची दुधाची गाडी निघायची वेळ झाली की मुलगा वर्गातून उठून जायचा. झूमची फुकटची मर्यादा चाळीस मिनिटं. तेवढ्यात शिकवायचं आणि कळलं का तेही बघायचं.

लॉकडाउनमध्ये आम्हा शिक्षकांवर वेबिनारांचा आणि ई-प्रमाणपत्रांचा पाऊस पडला होता. माझ्याकडे तेव्हाची सव्वीस प्रमाणपत्रं आहेत. त्यातल्या पंचवीस वेबिनारांत काय सांगितलं ते कृपया विचारू नका. सव्विसाव्यात एका बाईंनी थॉमस अँजेलो आणि पॅट्रिशिया क्रॉस यांच्या १९९३ च्या पुस्तकाची ओळख करून दिली. क्लासरूम असेसमेंट टेक्निक्स, थोडक्यात ‘कॅट’. (आमच्या मुलांना कॅट म्हणजे एमबीएची प्रवेशपरीक्षा, म्हणून वर्गात हा शब्द मी कधी काढला नाही.) कॉलेजच्या शिक्षकांसाठी अशा पन्नास युक्त्या त्यांनी मांडल्यात. मला पटलं ते त्यामागचं साधं म्हणणं. परीक्षा झाल्यावर मुलांना काय आलं नाही ते कळून उपयोग काय, ते शिकवता शिकवताच कळलं पाहिजे. दोन-पाच मिनिटांचा प्रश्न, गुण नाहीत, शक्यतो नावही नाही. आणि जे कळेल त्यावर लगेच काहीतरी करायचं. म्हणजे तपासणी मुलांची नव्हे, माझ्या शिकवण्याची.

हे ऐकायला गोड वाटतं. दुसऱ्याच दिवशी मी ‘समजलं का’ न विचारता चॅटमध्ये एक व्यवहार टाकला: ‘धंद्यातली रोख ५,००० रुपये बँकेत भरली. कोणतं खातं नावे, कोणतं जमा?’

दहा सेकंदांत वर्गातल्या हुशार मुलीचं उत्तर आलं: ‘बँक खाते नावे, रोक खाते जमा.’ बरोबर. मग धडाधड उत्तरं यायला लागली आणि सगळ्यांचं बरोबर. मी खूश होणार इतक्यात दिसलं की सगळ्यांनी ‘रोख’ हा शब्द ‘रोक’ असाच लिहिलाय. तिची घाईतली चूक तेहेतीस जणांनी इमानेइतबारे उतरवली होती.

पुढच्या तासाला नवा नियम केला. उत्तर लिहायचं, पण पाठवायचं नाही. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाठवायचं. ज्यांचं नेटवर्क चांगलं त्यांच्याकडे हे जमलं. ज्यांचं माळावर चढल्याशिवाय येत नाही त्यांना माझं ‘तीन’ ऐकू येईपर्यंत पडद्यावर वीस उत्तरं सांडलेली असायची. शेवटी एका मुलानेच मला खाजगीत लिहिलं, “मॅडम, चॅटमध्ये तीन टिंबं आहेत, तिथं ‘होस्ट ओन्ली’ करा, मग आमचं आम्हाला दिसत नाही.” चार महिने झूम वापरत होते, ती तीन टिंबं मी कधी दाबली नव्हती. माझं ऑनलाइन अध्यापनाचं सगळं तंत्रज्ञान म्हणजे एवढंच, बरं का सर. तीन टिंबं.

ती दाबली आणि तोच प्रश्न रक्कम बदलून परत टाकला. आता उत्तरं फक्त मला दिसत होती. एकेचाळीसपैकी सव्वीस जणांनी लिहिलं होतं: बँक खाते जमा.

मी पडद्याकडे बघत राहिले. नियम मी फळ्यावर असंख्य वेळा लिहिलाय आणि मुलं तो पाढ्यासारखा म्हणतात: घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा, येणाऱ्या वस्तूचे खाते नावे, जाणाऱ्या वस्तूचे खाते जमा, सर्व खर्च व तोटे नावे, सर्व उत्पन्न व नफा जमा. पैसे घेतले बँकेने, मग बँक नावे. यात अवघड काय आहे? मला वाटलं अभ्यास केला नसेल. तेवढ्यात चॅटमध्ये एका मुलीची ओळ आली, “मॅडम पण पासबुकात तर जमा लिहून येतं.”

एकोणीस वर्षं! दर वर्षी सुरुवातीलाच मी हा व्यवहार घेते, दर वर्षी पुढच्या दोन बाकांवरून ‘बँक नावे’ असं उत्तर येतं आणि मी पुढे सरकते. आणि मागच्या बाकांवर पासबुक पाहिलेली मुलं गप्प बसून असं समजत आलीत की पासबुकातलं जमा वेगळं आणि परीक्षेतलं जमा वेगळं. मॅडम म्हणतायत ते लिहायचं. बँक जुळवणी पत्रकाच्या धड्याला दर वर्षी मुलं का कोसळतात हे मला तोवर कळलं नव्हतं. तो अख्खा धडाच ‘आपली वही आणि बँकेची वही’ एवढ्यावर उभा आहे. पायातली वीट मी कधी तपासलीच नव्हती.

त्या रात्री नीट झोप आली नाही, हे खरं. सकाळी तासाला नियम बाजूला ठेवले आणि विचारलं, “घरी वाण्याकडे उधारी कोणाकोणाची आहे?” आता चॅट परत सगळ्यांना उघडं केलं होतं. हसण्याच्या बाहुल्या आल्या. उधारी सगळ्यांची होती. “वाण्याला काय म्हणता?” ‘नावावर मांडा.’ “मग वाण्याच्या वहीत तुम्ही कुठे?” ‘नावे.’ “म्हणजे तुम्ही त्याला पैसे देणं लागता. बरोबर? आता तुम्ही बँकेत पाच हजार ठेवले. कोण कुणाला देणं लागतं?” जरा वेळाने एकाने लिहिलं, ‘बँक आम्हाला.’ “मग आता वाणी कोण?” दहा-बारा सेकंद काहीच नाही. मग एकदम चार-पाच जणांचं, ‘आम्ही!!’

आपण बँकेचे वाणी. आपल्या वहीत बँकेच्या नावावर मांडायचं. बँक तिच्या वहीत आपल्याला जमा दाखवणार, कारण तिच्या दृष्टीने देणारे आपण. पासबुक म्हणजे बँकेच्या वहीची आपल्याला मिळालेली नक्कल, आपली वही नव्हे. मग एकाने दूध डेअरीचं पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यात दहा दिवसांच्या दुधाचे पैसे जमा आणि नेलेल्या पेंडीचे पैसे नावे. एका मुलीने आईच्या बचत गटाचं पासबुक धरलं. ज्या वर्गात महिनाभर कुणी कॅमेरा लावला नव्हता, तिथे त्या दिवशी चौकोनाचौकोनात पासबुकं दिसत होती. चेहरे नाहीत, नुसती पासबुकं. (मी घाबरून खाते क्रमांकावर बोट ठेवायला सांगितलं.) चाळीस मिनिटं संपून झूमने आम्हाला बाहेर काढलं, तर मुलं परत त्याच लिंकवरून आत आली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा तोच प्रश्न टाकला. चुकलेले नऊ. त्या नऊ जणांना मी एकेक करून फोन केले. दोघांचा घोळ पासबुकाचा नव्हताच, त्यांना ‘नावे’ म्हणजे ‘ज्याच्या नावाने पैसे आले तो’ असं वाटत होतं. हेही मला कधी सुचलं नसतं.

तेव्हापासून मी एक वही केलीय. चुकीच्या उत्तरांची वही. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं, त्यात वाचण्यासारखं काही नसतं. चुकीच्या उत्तरामागे मात्र काहीतरी विचार केलेला असतो. पुढच्या वर्षीचा प्रश्न त्या वहीतून काढायचा. तास शिकवायला लागत नाही इतका वेळ कधी कधी एका प्रश्नाला लागतो, आणि ज्या प्रश्नाला सगळ्यांचं बरोबर येतं तो मी पुढच्या वर्षी टाकून देते.

दुसरी युक्ती ‘मडिएस्ट पॉइंट’. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर व्याख्यानाच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यायचे की आज सर्वांत धूसर काय राहिलं. आमच्याकडे मी त्याला ‘आजचं गढूळ’ म्हणायला लागले. तास संपायच्या तीन मिनिटं आधी: “आज कुठे पाणी गढूळ झालं, एका ओळीत लिहा.” पहिला आठवडाभर उत्तर एकच: ‘काही नाही मॅडम, सगळं क्लिअर.’ परत ‘यस मॅडम’चाच भाऊ.

मला वाटतं हार्वर्डच्या मुलाला ‘मला हे कळलं नाही’ लिहिताना काही जड जात नसेल. आमच्याकडे ‘कळलं नाही’ म्हणजे ‘लक्ष नव्हतं’ असं लहानपणापासून ऐकलेलं असतं, आणि तेही बहुतेक शिक्षकांच्याच तोंडून. म्हणून प्रश्न फिरवला: “उद्या मी कुठला भाग परत सांगू?” आता दोष माझा झाला आणि चॅट भरून वाहिलं. कधी कधी असंही विचारते, “आज जो आला नाही त्याला तुम्ही समजावून सांगताय, तर तो कुठे अडेल?” न आलेल्या मित्राच्या नावावर मुलं स्वतःचे सगळे प्रश्न खपवतात.

या गढूळ पाण्यातून एकदा आलं, ‘तेरीज जुळली म्हणजे सगळं बरोबर असतं ना मॅडम?’ तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाकींची यादी, दोन्ही बेरजा सारख्या आल्या की ती जुळली. वाचायला साधी शंका आहे, पण यावर परीक्षेत अर्धा धडा येतो. टेबलाच्या दुरुस्तीचे पाचशे रुपये तुम्ही फर्निचर खात्याला टाकले तरी तेरीज झक्कपैकी जुळते, आणि तरी हिशेब चूक असतो. मी ते शिकवलं होतं. पण तेरीज जुळल्यावर आपण सगळे जो सुस्कारा टाकतो ना, मीसुद्धा फळ्यावर बेरीज जुळली की ‘झालं!’ म्हणते ना, त्यातून मुलं उलटंच शिकली होती.

मराठी टाइप करायचा अनेकांना कंटाळा, म्हणून मग व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप चालतील म्हटलं, अर्धा मिनिट. यामुळे माझी संध्याकाळ गेली, पण वर्ग ऐकू यायला लागला. मागे कुकरच्या शिट्ट्या, कोंबड्या, कुणाच्या तरी आजीचं ‘कुणाशी बोलतीयास गं?’. चॅटमध्ये आयुष्यात अक्षर न लिहिलेली एक मुलगी घसाऱ्याच्या (वस्तू वापरून झिजते, तिची किंमत दर वर्षी कमी होते, त्याच्या) तासानंतर बोलली, “मॅडम, ती घसाऱ्याचं पैसं कुठं ठिवायचं ओ? पप्पांनी टेम्पो घेऊन तीन वर्सं झाली, घरात कुठंच न्हाईत.”

मी तो निरोप चार वेळा ऐकला. तिने मी दिलेलं गणित बरोबर सोडवलं होतं: टेम्पो चार लाखांचा, आठ वर्षं चालणार, शेवटी मोडीत चाळीस हजार येणार, म्हणजे वर्षाला पंचेचाळीस हजार घसारा. नोंदही बरोबर: घसारा खाते नावे, टेम्पो खाते जमा. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते. आणि तिला वाटत होतं की हे पंचेचाळीस हजार कुठल्यातरी डब्यात पडत असतात आणि पप्पांनी ते कुठेतरी घालवले. गढूळ विचारलं नसतं तर हे घरातलं भांडण माझ्या खात्यावर जमा झालं असतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं की पैसे टेम्पो घेतला त्याच दिवशी गेले, आपण फक्त ते गेलेले पैसे आठ वर्षांवर वाटून लिहितोय, या नोंदीत रोख खात्याला हातही लागत नाही. लगेच दोन निरोप: “मग हप्ता?” बँकेच्या कर्जाचा हप्ता आणि घसारा एकच असं समजणारे आणखी तिघे निघाले. तो तास मी नियोजनात धरला नव्हता. धडा एक दिवस मागे गेला. गेला तर गेला.

एका मुलाकडे स्मार्टफोनच नव्हता. घरात एक बटणांचा फोन, तोही भावाचा. त्याला मी रोज संध्याकाळी एसएमएस करून त्या दिवसाचा प्रश्न पाठवायचे, उत्तरात फक्त नावे की जमा एवढंच यावं असा बेतलेला. त्याच्या फोनमध्ये एसएमएसचे पैसे नसायचे. म्हणून ठरलं की एक मिस्ड कॉल म्हणजे नावे, दोन म्हणजे जमा. रात्री आठच्या सुमारास फोन वाजून बंद व्हायचा आणि आमच्या घरातले सगळे हातातलं काम थांबवून दुसऱ्याची वाट बघायचे. माझ्या सासूबाईंना तोवर बऱ्याच नोंदी यायला लागल्या होत्या. एकदा तीन मिस्ड कॉल आले. मी काळजीने उलटा फोन केला तर म्हणाला, “प्रश्नच चुकलाय मॅडम, यात व्यवहारच नाही.” मालाची नुसती ऑर्डर दिली होती, माल आला नव्हता, पैसे गेले नव्हते. नोंद कशाची करणार? मी घाईत चुकीचा प्रश्न पाठवला होता आणि बाकीच्या एकेचाळीस जणांनी निमूट त्याचं उत्तर दिलं होतं.

आता जे बिघडलं ते. जानेवारीत एका बैठकीत मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. ते सांगायला नको होतं. वरून विचारणा झाली की रोज उत्तरं येतायत तर त्यांचे गुण का धरत नाही, अंतर्गत मूल्यमापनाला पुरावा होईल, एक्सेलमध्ये नावनिशीवार भरून द्या. मला नाही म्हणता आलं नाही. गूगल फॉर्म केला, पाच प्रश्न, पाच गुण, नाव आणि हजेरी क्रमांक सक्तीचा. पहिल्याच दिवशी सगळ्यांना पाचपैकी पाच. मुलांचा एक वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर उत्तरं फॉर्मच्याही आधी पोचायची. ते त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गुण आहेत म्हटल्यावर मीही विद्यार्थी असते तर तेच केलं असतं. पण गढूळ पाणीसुद्धा स्वच्छ झालं, हे वाईट. फॉर्मचा आणि त्याचा काही संबंध नव्हता, तरी मुलांना वाटलं, मॅडम आता सगळंच वर कळवतात. आवाजी निरोप बंद झाले. एक्सेल फार सुंदर दिसत होतं.

तीन आठवड्यांनी मी एक्सेलसाठी आठवड्यातून एक वेगळी चाचणी ठेवली आणि रोजचा प्रश्न परत बिनगुणांचा, बिननावाचा केला. (झूमवर होस्टला नाव दिसतंच, ते मी मुलांना सांगितलं, नाव बघून मी काही करणार नाही एवढाच शब्द देता येत होता.) परत सुरळीत व्हायला फेब्रुवारी संपला. पहिला निरोप त्या टेम्पोवाल्या मुलीचाच आला.

बर्कलेचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स श्वार्ट्झ यांच्या नावावर सांगतात तो ‘मिनिट पेपर’ही करून पाहिला. आज सर्वांत महत्त्वाचं काय शिकलात, आणि अजून कुठला प्रश्न शिल्लक आहे, हे दोन प्रश्न. माझ्या हातून तो जमला नाही. पहिल्या प्रश्नाला मुलं धड्याचं नाव लिहितात. दुसऱ्या कुणाला जमत असेल.

आणि सर, ते ॲप. घड्याळ लावून, संगीत वाजवून, पहिला कोण, दुसरा कोण दाखवणारी प्रश्नमंजुषेची ॲपं आहेत. मुलांना आवडतात, शनिवारी मीही घेते. पण त्यात जो पटकन बोट दाबतो तो दिसतो, आणि मला जो अडखळून थांबलाय तो बघायचा असतो. शिवाय चार पर्यायांतून एक निवडताना ‘पण पासबुकात तर जमा येतं’ हे लिहायला जागा नसते. वापरायचं ते वापरा, फक्त उत्तरं एकमेकांना दिसणार नाहीत असं बघा आणि एक मोकळी ओळ ठेवा. आलेली उत्तरं मी द्राक्षाच्या प्रतवारीसारखी तीन ढिगांत टाकते: बरोबर, चूक पण कारण कळतंय, आणि चूक पण कारण कळत नाही. एकेचाळीस ओळी वाचायला पाच मिनिटं लागतात. तिसऱ्या ढिगातल्यांना फोन करायचा. दुसऱ्या दिवशी तास सुरू करताना “काल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी असं लिहिलं” असं म्हणून त्यावर बोलायचंच. ते एकदा जरी राहिलं तरी मुलं ओळखतात की मॅडम वाचत नाहीत.

वर्ग परत भरायला लागल्यावर झूम सुटलं, पण रविवारी सकाळी मी मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.च्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिकवते. ही सगळी कामाची माणसं. पेट्रोल पंपावरचा एक, मेडिकल दुकानातली एक, दोन अंगणवाडी सेविका, आणि पतसंस्थेचे एक पिग्मी एजंट (दुकानादुकानांतून रोजची बचत गोळा करणारे), वय चाळिशीच्या पुढे. नव्या तुकडीचा पहिला तास मी आजही त्याच प्रश्नाने सुरू करते. धंद्यातली रोख पाच हजार बँकेत भरली, कोणतं खातं नावे, कोणतं जमा? चॅट फक्त होस्टला.

यंदा सतरा उत्तरं आली. नऊ जणांचं बँक जमा, सात जणांचं बँक नावे. सतरावं बराच वेळ येत नव्हतं. मग पिग्मीवाल्या दादांनी लिहिलं:

‘कुणाच्या वहीत, मॅडम?’

मी त्यांचा माइक सुरू करायला सांगितला आणि म्हटलं, दादा, पुढचं तुम्हीच सांगा. त्यांनी मशिनमधून निघणारी पावतीची चिठ्ठी खिशातून काढून कॅमेऱ्यापुढे धरली. “हे बघा, ह्याच्यावर जमा आलंय. हे संस्थेचं. आता दुकानदाराच्या वहीत काय लिहायचं ते सांगतो, पण जरा आटपतं घेतो हां, आज बाजार आहे, दहाला कलेक्शनला निघायचंय.”